ताडपत्रीचा आडोसा

"माय, तठे तू काहीच बोलू नको. तुना पाया पडस."

साक्री मागे टाकून जीप माळाची चढण चढत होती आणि मागच्या बाकावर माझी मुलगी माझ्या कानाशी लागून हे सांगत होती. तिच्या मांडीवर माझा नातू झोपला होता, नुकताच वर्षाचा झालेला. पुढे तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, आणि गाडी चालवणारे आमचे जावई. विहीणबाई भावकीतल्या दोघी-तिघी बायकांना घेऊन सामानाच्या ट्रॅक्टरवर बसून आधीच पुढे गेल्या होत्या. मी मान हलवली. पलीकडे बसलेला माझा मुलगा गालातल्या गालात हसला, कारण माझं मान हलवणं किती टिकतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

मला तोंड आहे. तापीकाठच्या आमच्या केळीच्या मळ्यात मजुरांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे. नवरा तर म्हणतो, तू बांधावर उभी राहिलीस की दुसऱ्याची गुरंसुद्धा आत शिरत नाहीत. त्याला घरी ठेवून आले होते, केळीला पाणी द्यायची पाळी होती म्हणून. तो बरोबर असता तर निदान माझ्या पदराला धरून बसला असता.

मुलीचं घाबरणं उगाच नव्हतं. नातू सातव्या महिन्यातच आला. धुळ्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि बाहेर बाकड्यावर विहीणबाई मला म्हणाल्या, तुमची पोर मुळातच नाजूक. मी म्हटलं, नाजूक नव्हती, तुम्ही पोटुशीला पाण्याचे हंडे उचलायला लावलेत. बोलले ते खरं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण बोलून मी आपली घरी आले आणि भोगलं तिनं. दिवाळीला तिला माहेरी धाडलं नाही, अक्षयतृतीयेला धाडलं नाही. आखाजी आमच्या खान्देशात लेकीबाळींचा सण, झोक्यावर बसायला सगळ्यांच्या मुली आल्या आणि आमच्या अंगणातला झोका रिकामा लटकत राहिला. नातवानं आमचं दार अजून पाहिलेलं नव्हतं.

मग एके दिवशी निरोप आला की देवीच्या ठाणावर जाऊळ उतरवू, एक रात्र माळावर मुक्काम करू, आणि जाऊळ झालं की मुलीला आणि बाळाला महिनाभर घेऊन जा. तिची बॅग भरून जीपच्या मागच्या भागात ठेवलेली होती, मी ती चढतानाच डोळे भरून पाहिली होती. आता एक संध्याकाळ आणि एक सकाळ मी मिठाची गुळणी धरून बसायचं, एवढंच. एवढंच म्हणायला सोपं आहे.

माळावर उतरलो आणि पहिल्या पावलालाच वाऱ्यानं माझा पदर डोक्यावरून उडवला. चहूकडे पवनचक्क्या उभ्या होत्या. ज्या जागी लोक वारा पकडायला लोखंडी मनोरे उभे करतात, त्या जागी यांची देवी वैशाखात मुक्कामाला बोलावते. देवी म्हणजे शेंदूर फासलेली शिळा, तिच्यापुढे दगडी ओटा, भोवती गुडघ्याएवढ्या रचलेल्या दगडांची हद्द. झाड म्हणाल तर एक वाकडी बोर. त्यांच्या घरचा रिवाज असा की बाळाला घेऊन एकदा हद्दीच्या आत आलं आणि ओटी भरली, की जाऊळ उतरेपर्यंत मायलेकरांनी हद्द ओलांडायची नाही. स्वयंपाकही आतच, झोपायचंही आतच.

आम्ही पोचलो तेव्हा विहीणबाईंनी ओटीचं ताट तयारच ठेवलं होतं. ओटी भरली गेली. जावई उरलेल्या पाहुण्यांना आणि पाण्याच्या टाकीला आणायला जीप घेऊन पुन्हा गावाकडे गेले, ट्रॅक्टर तर आधीच परतला होता. मग मी आजूबाजूला नीट पाहिलं.

आबांनी आदल्या दिवशीच येऊन पश्चिमेच्या अंगाला बांबू रोवून त्यांवर निळी ताडपत्री ताणून बांधली होती. वरपासून जमिनीपर्यंत. खालची कड दगड आणि मुरूम टाकून दाबलेली, कुठे बोट शिरायला फट नाही. तिच्या मागे सतरंज्या अंथरलेल्या आणि त्यांच्याही मागे, पाच-सहा पावलांवर, तीन दगडांची चूल आणि कणकेच्या बट्ट्या भाजायला गोवऱ्यांचा ढीग. आबा ताडपत्रीवर थाप मारून म्हणाले, "हाई भित शे भित. वाराना बाप बी आथा येवाव नही."

त्यांनी उन्हात एकट्यानं राबून हे उभं केलं होतं आणि नातवासाठीच केलं होतं, तेव्हा वाईट म्हणायला तोंड धजेना. पण मी केळीवाली बाई आहे. आमचं सगळं पोटच वाऱ्याच्या धाकात वाढतं. केळीचं झाड म्हणजे पाणी, एका वावटळीत आडवं. म्हणून बागेच्या कडेनं आम्ही शेवरी दाट लावतो आणि शेवरी वाढेपर्यंत हिरवी जाळी बांधतो. वारा त्यातून आत येतो, पण येताना थकतो. आमच्या शेजारच्या एका शहाण्यानं एकदा शेवरी उपटून तिथे पत्रे ठोकले होते. पुढच्या वादळात बाहेरून आलेला वारा पत्र्यावर चढला आणि पलीकडे धाडकन खाली उतरला. पत्र्याच्या अगदी आडोशाला असलेल्या त्याच्या ओळी आधी झोपल्या. बंद भिंत वाऱ्याला अडवत नाही, चिडवते. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं.

म्हणून तर मी घरून हिरव्या जाळीची दोन मोठी भेंडोळी आणली होती आणि सामानाच्या ट्रॅक्टरवर चढवली होती. जाळी कुठे दिसेना. मी मुलाला डोळ्यांनी विचारलं, त्यानं डोळ्यांनीच खाली दाखवलं. माझी जाळी सतरंज्यांच्या खाली अंथरली होती, खडे टोचू नयेत म्हणून. मी तिच्यावरच बसले होते.

"जाळीमाईन त वारा येस," विहीणबाई म्हणाल्या, माझी नजर ओळखून. "कसाले व्हई ती? पन बसाले चांगली शे."

मी म्हटलं, "हो, चांगली आहे," आणि चहा घेतला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी आणखी एक घोट घेतला.

ऊन उतरायला लागलं तसा वारा वाढला. आधी ताडपत्री नुसती फडफडत होती, मग फुगायला लागली. वारा तिच्यावर आदळून वर चढायचा आणि आमच्या डोक्यावरून पलीकडे उतरायचा, आणि तिथून उलटा फिरून आमच्याकडेच यायचा. येताना माळाचा सगळा फुफाटा बरोबर. ताडपत्रीच्या पायथ्याशी, जिथे सगळ्यात जास्त आडोसा म्हणून मुलीला बाळ घेऊन बसवलं होतं, तिथे धुळीचे लहान लहान भोवरे फिरत होते. सतरंजीवर बघता बघता पिवळा थर बसला.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, याच्या छातीला धूळ आणि धूर चालणार नाही. मुलीनं बाळाच्या तोंडावर ओलं फडकं धरलं. बाळ फडकं ढकलत होतं आणि शिंकत होतं. तोवर विहीणबाईंनी गोवऱ्या पेटवल्या. धूर सरळ पूर्वेला जायला हवा होता. तो थोडा गेला, थबकला आणि वळून आमच्याकडे आला. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला आणि गोवऱ्यांना नावं ठेवली, ओल्या आहेत म्हणाल्या. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या होत्या.

मी मुलाला जवळ बोलावलं आणि म्हटलं, जावयांना फोन लाव, त्यांनी त्यांच्या बापाला सांगू दे की ताडपत्री काढून जाळी बांधा. मुलानं बोरीखाली जाऊन फोन लावला. जावई गावात टाकी भरत उभे होते. परत येऊन मुलगा म्हणाला, "दाजी म्हणतात, आल्यावर बघू. फोनवर आबांना सांगितलं तर राग येईल त्यांना." मी म्हटलं, कधी येणार? तर टाकी अजून अर्धी होती आणि रस्ता तासाभराचा.

मग मी चेष्टेचा मार्ग धरला. चेष्टेला बोलणं म्हणत नाहीत, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. म्हटलं, "आबा, तुमनी भित भलती फुगी ऱ्हायनी. पोटुशी शे का?"

दोन बायका हसल्या. आबा हसले नाहीत. "फुगू द्या. दोऱ्या पक्क्या शेत."

मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चहाचा पेला उचलला. त्यात चहा नव्हता, धूळ होती.

बाळाच्या छातीतून बारीक शिट्टी यायला लागली ती त्यानंतर थोड्याच वेळात. आधी मला वाटलं वाराच आहे, दोरीतून वाजतोय. मग मुलीनं पिशवीतून तोंडाला लावायचा पंप काढला. तिनं तो लावला, थांबली, पुन्हा लावला. शिट्टी कमी झाली नाही. मी सरकत सरकत तिच्याजवळ गेले आणि बाळाचं झबलं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. दवाखान्यात तो खळगा पाहून नर्स धावत गेलेली मी पाहिली होती.

विहीणबाई चुलीवरून म्हणाल्या, रडतोय म्हणून धाप लागली असेल, अंगारा लावा. कुणीतरी ओट्यावरचा अंगारा आणला. राख! धुळीनं गुदमरलेल्या लेकराच्या कपाळाला त्या वाऱ्यात राख! माझे दात एकमेकांवर रुतले. मी मनात हिशेब घालत होते. बोलले तर मुलगी पुन्हा वर्षभर त्या घरात अबोल्यात कोंडली जाणार, बॅग उतरवली जाणार, हा नातू मला परत कधी दिसेल देव जाणे. नाही बोलले तर? त्या पुढचं मला मनातसुद्धा म्हणवत नव्हतं. मुलगी बाळाच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

तेवढ्यात एक मोठा झोत आला. ताडपत्री पोटात गुच्चा बसावा तशी आत दबली, मधला बांबू जमिनीतून हातभर वर उचलला गेला आणि चुलीतल्या ठिणग्या उलट्या उडून सतरंजीवर पडल्या. बायका ओरडल्या. माझ्या मुलानं चपलेनं ठिणग्या विझवल्या. आबा धावत जाऊन बांबूला लटकले आणि ओरडले, "दोरी ल्या! आखो दोरी बांधा!"

आखो, म्हणजे आणखी. आणखी घट्ट. मी उठले. झालं ते झालं, आता मी बोलणार होते, आणि काय बोलणार होते तेही जिभेवर आलं होतं, ते इथे न लिहिलेलंच बरं.

"आबा, ताडपत्री सोडा."

हे मी बोलले नव्हते. आवाज माझ्या मागून आला होता. माझी मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं कधीच उडाला होता आणि तिनं तो सावरलाही नव्हता. त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. पाणी हवंय का हेसुद्धा सासूच्या आडून विचारायचं असतं. आबा बांबू धरून तसेच उभे राहिले. त्यांना बहुतेक कळलंच नाही की हे कुणाला उद्देशून आहे.

"सोडा ती," ती पुन्हा म्हणाली. "तिनामुळेच धूळ मांगे फिरी ऱ्हायनी. धूर देखा कोठे जाई ऱ्हायना. पोऱ्याले श्वास नही भेटी ऱ्हायना."

विहीणबाई चुलीजवळून उठल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुले कोनी शिकाडं हाई?"

मी हात जोडणार होते. खरंच सांगते, पहिल्यांदाच आयुष्यात मी कुणासमोर हात जोडायला तयार होते. म्हणणार होते, माझं चुकलं, मीच शिकवलं, तिला काही बोलू नका. पण मुलीनं मला वेळच दिला नाही.

"कोनीच नही शिकाडं. मी केळीमाच वाढेल शे," ती म्हणाली. "बठ्ठा उठा सतरंजीवरून. जाळी काढनी शे."

मग आबांनी मान तिरकी करून धुराकडे पाहिलं. धूर अजूनही चुलीवरून वळून नातवाकडेच येत होता. माणूस वयानं मोठा, घरचा कर्ता, आणि पाहुण्यांसमोर सुनेनं त्याचं काम मोडीत काढलेलं. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी त्यांना ढकलून द्यावंसंही वाटत होतं.

त्यांनी बांबू सोडला, वाकले आणि पहिली गाठ उकलली.

मग सगळेच उठले. सतरंज्या झटकल्या, माझी जाळी बाहेर आली. ताडपत्री खाली आल्यावर सगळा वारा अंगावर आला, तेव्हा आम्ही बायका मुलीभोवती वाऱ्याकडे पाठ करून बसलो. विहीणबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि तो थरथरत होता. मला पहिल्यांदाच कळलं की ही बाईही घाबरली आहे, कधीपासूनची घाबरली आहे.

मुलगा आणि आबा मिळून जाळी बांधत होते. मुलगी बसल्या जागेवरून सांगत होती, फार ताणू नका, थोडी सैल ठेवा, दुसरी जाळी चार पावलं मागे बांधा. ताडपत्री तिनं सतरंज्यांखाली अंथरायला लावली, म्हणजे खालची माती उडायची नाही. चुलीतल्या गोवऱ्या आबांनी स्वतः पाणी ओतून विझवल्या. त्या दिवशी बट्ट्या झाल्याच नाहीत. सगळ्यांनी शेव-मुरमुरे खाल्ले.

वारा थांबला नव्हता. जाळीतून तो आत येत होता, पदर हलवत होता, पण आता त्यात मस्ती नव्हती. विझल्या चुलीचा उरलासुरला धूर सरळ पूर्वेला निघून गेला. मी बाळाच्या बरगड्यांवर नजर लावून बसले. मुलीनं पंप पुन्हा लावला. खळगा पडतच होता, पडतच होता, मग जरा उथळ झाला. जीप आली तेव्हा जावई धावतच आत आले आणि म्हणाले, हद्द राहू दे, चला दवाखान्यात. विहीणबाईंनीच मान हलवून होकार दिला होता. पण मुलीनं बाळाच्या छातीला कान लावला, पुष्कळ वेळ लावून ठेवला आणि म्हणाली, आता थांबू, मोकळा होतोय. अंधार पडायच्या आत बाळ तिच्या कुशीत झोपलं, तोंड मिटून.

सकाळी माझ्या मुलानं भाच्याला मांडीवर घेतलं आणि जाऊळ उतरलं. बाळ जोरदार रडलं. इतकं खणखणीत रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं आणि सगळ्या बायका डोळे पुसून हसत होत्या. आबा कालपासून सुनेशी बोलले नव्हते. पण आवराआवर करताना त्यांनी दोन्ही जाळ्या नीट गुंडाळल्या आणि मुलाला विचारलं, असली जाळी धुळ्यात मिळते का.

विहीणबाई मात्र बोलल्या. निघायची वेळ झाली तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी छाती घट्ट केली. कालचं सगळं आता निघणार, आणि बॅग खाली उतरणार. त्या म्हणाल्या, "तुमनी पोर तुमनापेक्षा बी तिखट शे." मग स्वतःच जीपचं मागचं दार उघडलं. "लई जा. म्हैनाभर ठेवा. पोऱ्याले जपा."

मला हसावं की रडावं कळेना. मी मुलीला हाक मारली. ती आली, बाळ कडेवर, टक्कल उन्हात चकाकणारं. ती जीपमध्ये चढली नाही. दाराशी थांबून तिनं मागे पाहिलं, सासू ऐकण्याएवढी जवळ नाही ना, आणि हळू आवाजात म्हणाली, "माय, मी नही येस."

मी म्हटलं, वेडी आहेस का? ती स्वतःच लई जा म्हणतेय.

"म्हनीसनच नही येस. काल पह्यलांदा या घरनी मनं बोलनं ऐकं. आज मी गई त्ये म्हैनाभरमा बठ्ठा इसरी जातीन."

तिनं वाकून आपली बॅग बाहेर काढली. मला सांगायला पुष्कळ होतं. तुझी खोली झाडून ठेवली आहे, झोका अजून सोडलेला नाही, तुझा बाप रोज विचारतो. यातलं मी काहीच बोलले नाही. "बरं," म्हटलं, आणि बाळाच्या टकलावरून हात फिरवला.

धुळ्यापर्यंत मुलगा दोनदा म्हणाला, माय, तुला अभिमान वाटला पाहिजे. वाटत होता. खूप वाटत होता. पण मला माझी पोर घरी हवी होती, आणि मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.